तिचं कौतुक, माझे आभार : एका समीक्षकाला अनावृत पत्र

सप्रेम नमस्कार,

तुम्ही जिच्या अल्बमवर लिहिलंत ती तुम्हाला आभाराचं पत्र लिहिणार नाही. मी तिला विचारून पाहिलं. म्हणाली, "गाणाऱ्याने आभार मानले की समीक्षक मिंधा होतो. पुढच्या खेपेला गाणं पडलं तरी त्याला गोड लिहावं लागतं. मला हा माणूस असा वाया घालवायचा नाही." यावर मी काय बोलणार? तिचं तत्त्व तिच्यापाशी. मला मात्र गप्प बसवत नाही. या अल्बममध्ये बेस गिटार मी वाजवलीय, ध्वनिमुद्रण आणि मिक्सिंगही माझंच, आणि तुमच्या लेखात माझ्या वाट्याला आली ती टीकाच. तेव्हा मी आभार मानले म्हणून तुम्ही मिंधे व्हायचं काही कारण नाही.

लेख आला तेव्हा तिने तो उभ्याउभ्याच वाचला, फोन पालथा ठेवला आणि गिटारच्या तारा बदलायला घेतल्या. तारा चांगल्या होत्या, नुकत्याच चढवलेल्या. सहाच्या सहा उतरवल्या, फ्रेटबोर्ड पुसला, नव्या तारा ओवल्या, खुंट्या पिळून पिळून सुरात आणल्या, जास्तीची टोकं पकडीने कापली. मी समोर बसून बघत होतो. टोकं गोळा करून कचऱ्यात टाकताना एवढंच म्हणाली, "बरं लिहिलंय." तिच्या तोंडून 'बरं' ऐकायला माणसाला किती वाट बघावी लागते ते तिच्यासोबत वाजवणाऱ्या कुणालाही विचारा.

आता आधीचं थोडं सांगतो. सांगायची गरज नाही खरं तर, पण पोटात राहिलंय ते एकदा बाहेर पडू दे.

अल्बम आम्ही पदरमोड करून काढला. पाठीशी कंपनी नाही, मॅनेजर नाही. एका खोलीत भिंतींना गाद्या टेकवून, पंखा बंद करून, घामाघूम होत गाणी मुद्रित केली. बाहेर गाडीचा हॉर्न वाजला की टेक गेला. गाणी तिची, चाली तिच्या. दोन चाली तिच्या आजीच्या गुणगुणण्यातून आलेल्या, त्यांवर इलेक्ट्रिक गिटार आणि ड्रम्स. झाल्यावर सगळीकडे पाठवला. ओळखीच्यांना, अनोळखी लोकांना, जिथे कुठे संगीतावर लिहिलं जातं तिथे.

एका ठिकाणी आम्हीच पाठवलेलं प्रसिद्धीचं टिपण स्वल्पविरामासकट छापून आलं, खाली लेखक म्हणून भलत्याच माणसाचं नाव. दुसऱ्या एका जाणकाराने अल्बममधल्या बासरीची तोंड भरून स्तुती केली. अल्बममध्ये बासरी नाही. बासरीच्या आसपास जाईल असंही काही नाही. तरी न जाणो, म्हणून मी सगळी गाणी पुन्हा ऐकून खात्री करून घेतली. आणखी एकाकडून उत्तर म्हणून थेट दरपत्रकच आलं. समीक्षेचा दर शब्दांवर, तारे वेगळे, आणि साडेचार ताऱ्यांचा भाव चारपेक्षा चढा. कुठल्याशा महोत्सवाच्या संयोजकांनी गाणी न ऐकताच "छान आहेत हो गाणी" म्हटलं आणि लगेच फॉलोअर्स किती ते विचारलं. ज्यांनी खरंच थोडंफार लिहिलं, त्यांनी बाई आणि गिटार एवढ्या भांडवलावर जी पहिली आठवली तिच्याशी हिची तुलना करून हात झटकले.

आणि आमचं गाणं कुठल्याच एका प्रकारात बसत नाही, हा त्रास वेगळाच. लोकसंगीतवाल्यांना आमचे ड्रम्स खुपले. रॉकवाल्यांना ती ओरडत नाही हे खुपलं. हे भांडण आमच्या जन्माआधीचं आहे. जुलै १९६५ मध्ये अमेरिकेतल्या न्यूपोर्टच्या लोकसंगीत महोत्सवात, साध्या गिटारवर लोकगीतं गाणारा म्हणून गाजलेला बॉब डिलन इलेक्ट्रिक गिटार घेऊन उभा राहिला तेव्हा श्रोत्यांतल्या काहींनी हुर्यो उडवली. साठ वर्षं उलटली. मला वाटलं होतं एव्हाना त्या प्रकरणावर पडदा पडला असेल. नाही पडला. अजूनही कुणीतरी भुवई उंचावून विचारतंच, "हे नक्की लोकगीत की काय?"

एव्हाना आम्ही नाद सोडला होता. तिने बोलून दाखवलं नाही, पण नवं काही लिहीत नव्हती, आणि हे बोलून दाखवण्यापेक्षा वाईट.

तशात तुमचा निरोप आला. लेखाच्या कितीतरी आधी. मला आभार मानायचे आहेत ते खरं म्हणजे या निरोपाचे, लेख नंतरचा. दोनच ओळी होत्या. शेवटच्या गाण्यात शेवटची तार विझत आल्यावर एक आवाज येतो, तो राहून गेलाय की ठेवलाय, असं तुम्ही विचारलं होतंत.

मी तो निरोप तिला वाचून दाखवला आणि आम्ही दोघंही काही वेळ बोललो नाही. ते गाणं सहा मिनिटांच्या वर आहे. तो आवाज अगदी शेवटच्या क्षणांतला, गाणं संपलं असं समजून माणूस हेडफोन काढतो तेव्हाचा. त्याच्यावरून आमची कडाक्याची भांडणं झाली होती. तिला तो काढायचा होता, मला ठेवायचा होता. मास्टरिंग करणाऱ्याने, म्हणजे गाण्यांवर शेवटचा हात फिरवणाऱ्याने, तर त्याला सरळ कचरा म्हटलं आणि परस्पर कापूनही टाकला होता. मी फाइल परत पाठवून तो बसवून घेतला. घरच्यांनी ऐकला नाही, मित्रांनी ऐकला नाही, ज्यांनी बासरी ऐकली त्यांनी तर नाहीच नाही. आणि तुम्ही, ज्यांना आम्ही ओळखतही नव्हतो, विचारत होतात: राहून गेलाय की ठेवलाय?

मी लांबलचक उत्तर लिहिलं. ठेवलाय म्हटलं, का ठेवलाय ते सांगितलं, भांडणाचीही हकिगत लिहिली. मला वाटलं, लेखाला चांगला मसाला मिळाला तुम्हाला. तुमचं उत्तर एका ओळीचं आलं. ठेवलेला असेल तर मी त्याबद्दल लिहीत नाही, ज्याचं त्याला सापडू दे.

आणि खरंच लिहिलं नाहीत. लेख छापून आल्यावर मी सगळ्यात आधी तेच शोधलं. कुठे इशाराही नाही. समीक्षा लिहिणाऱ्याला मिरवायला यासारखी गोष्ट मिळत नाही: बघा, मी किती बारकाईने ऐकतो. तो दागिना तुमच्या हातात होता आणि तुम्ही तो गाण्यातच राहू दिलात. तो आवाज कसला, हे मीही इथे सांगणार नाही. तुम्ही झाकलंत, मी कशाला फोडू?

आम्हा स्वतंत्र गाणाऱ्या-वाजवणाऱ्यांना याचं एवढं अप्रूप का, हे बाहेरच्यांना चटकन समजायचं नाही. स्पॉटिफायवर गाणं तीस सेकंद वाजलं की 'ऐकलं' म्हणून नोंद होते. २०२४ पासून तिथे असाही नियम आहे की मागच्या बारा महिन्यांत हजारापेक्षा कमी वेळा वाजलेल्या गाण्याला मानधनच नाही. म्हणजे हिशेबाच्या दृष्टीने गाणं तिसाव्या सेकंदालाच पुरं होतं. पुढची पाच-साडेपाच मिनिटं तुमची हौस. गाणी रचणारेही मग शहाणे होतात. सुरुवातीचं वादन छाटतात, ध्रुवपद पुढे ओढतात, शेवट कसाही गुंडाळतात, कारण शेवटापर्यंत थांबतो कोण? त्यात त्यांचा दोष आहे असंही नाही. पण ती शेवटावर जीव टाकते. पहिलं कडवं तासाभरात लिहिते आणि शेवटच्या ओळीसाठी आठवडे घालवते. तिचा शेवट ऐकणारा कुणीतरी आहे हे कळल्यावर तिने पुन्हा वही काढली. लेख आल्यावर नव्हे, त्या दोन ओळींनंतर. हे तुम्हाला माहीत असायला हवं.

आता लेखाबद्दल. स्तुती पुष्कळ आहे, तिची सवय नाही म्हणून ती मी सावकाश, पुरवून पुरवून वाचली. पण एक परिच्छेद मला पाठ झालाय. दुसऱ्या गाण्यात तिचा अंगठा खालच्या तारांवर एकसारखा चालतो, वरची बोटं मोकळी फिरतात, आणि गाण्यातली आई जिथे प्रश्न विचारते तिथे अंगठा एका मात्रेपुरता थांबतो, हे तुम्ही लिहिलंत. पुढे असंही म्हटलंत की त्या मात्रेत बेसही गप्प आहे, आणि ते गप्प बसणं गाण्याला समजून केलेलं आहे. माझं नाव न घेता माझ्याबद्दल लिहिलेलं हे एक वाक्य. बेस वाजवणाऱ्याला लोक वाजवल्याबद्दलसुद्धा फारसं ओळखत नाहीत. न वाजवल्याबद्दल दाद मला तरी पहिल्यांदाच मिळाली. मघाशी फक्त टीका वाट्याला आली म्हणालो, ते तेवढं अर्धसत्य समजा.

तिचा आवाज वरच्या पट्टीत चिरकतो हेही तुम्ही लपवलं नाहीत. चिरकतो म्हणालात, आणि तिसरं गाणं त्या चिरकण्यावरच कसं उभं आहे ते दाखवलंत. तोंडदेखलं कौतुक करणारा पहिला भाग गाळतो, खवचट माणूस दुसरा. तुमचं वाचताना मला अमेरिकन संगीत-समीक्षक रॉबर्ट शेल्टनची आठवण झाली. २९ सप्टेंबर १९६१ च्या न्यूयॉर्क टाइम्समध्ये त्याने एका वीस वर्षांच्या पोराबद्दल लिहिलं. न्यूयॉर्कच्या ग्रीनिच व्हिलेजमधल्या गर्डीज फोक सिटी या क्लबात मुख्य कार्यक्रम ग्रीनब्रायर बॉइज या मंडळींचा होता, आणि हे पोरगं त्यांच्याआधी गायला उभं राहायचं. तोच हा, पुढे चार वर्षांनी ज्याची हुर्यो उडाली तो डिलन. तेव्हा त्याच्या स्वतःच्या नावावर एक रेकॉर्डही नव्हती. शेल्टनने त्याचा आवाज मुळीच गोड नाही असं स्वच्छ लिहिलं, आणि तरी, किंबहुना त्यासकट, तो ऐकायला हवा असं लिहिलं. मुख्य कार्यक्रमाला आलेला समीक्षक आधीच्या पोराकडे कान देतो, यातच अर्धी गोष्ट आली.

पुढच्याच महिन्यात डिलनचा कोलंबिया या रेकॉर्ड कंपनीशी करार झाला, हे सगळे सांगतात. मार्च १९६२ मध्ये आलेला त्याचा पहिला अल्बम वर्षभरात जेमतेम पाच हजार खपला आणि त्याला करारबद्ध करणाऱ्या जॉन हॅमंडची कंपनीत थट्टा झाली, हे कमी जण सांगतात. हे मुद्दाम सांगतोय, कारण तुमच्या लेखाने आमचं नशीब पालटलं असं खोटं मला लिहायचं नाही. ऐकणारे थोडे वाढले. दोन-तीन ठिकाणांहून बोलावणी आली. ज्यांनी दरपत्रक पाठवलं होतं त्यांनी नवं, सवलतीचं दरपत्रक पाठवलं. बस.

आणि तरी वेळेवर आलेल्या शब्दाची किंमत काय असते ते या प्रकारच्या गाण्याच्या इतिहासात जागोजागी दिसतं. निक ड्रेक या इंग्लिश गायक-गिटारवादकाचे तीन अल्बम आले, १९६९, १९७१ आणि १९७२ साली. आज गिटार हातात धरणारी मुलं त्याची तारा जुळवण्याची पद्धत शोधत बसतात, पण हयातीत त्याचा खप काही हजारांपलीकडे गेला नाही. १९७४ मध्ये सव्विसाव्या वर्षी तो गेला. अमेरिकेत त्याच्या रेकॉर्डी खऱ्या अर्थाने खपायला लागल्या त्या २००० साली, एका मोटारीच्या जाहिरातीत त्याचं गाणं वापरल्यावर. मला त्या जाहिरातीचा राग नाही. पण जे काम कुणा कानवाल्या माणसाने करायचं ते मोटार विकणाऱ्यांनी करावं, तेही माणूस जाऊन पंचवीस वर्षं झाल्यावर?

वॅश्टी बन्यन या इंग्लिश गायिकेचं तर आणखी लागतं मनाला. तिचा पहिला अल्बम १९७० साली आला, कुणी ढुंकून पाहिलं नाही, आणि तिने गाणंच सोडलं. मुलं वाढवली, संसार केला. २००० साली तो अल्बम पुन्हा निघाला, नव्या पिढीने डोक्यावर घेतला, आणि तिचा दुसरा अल्बम आला २००५ मध्ये. मधली पस्तीस वर्षं! त्या पस्तीस वर्षांत किती गाणी होऊ शकली असती याचा हिशेब मी करायला बसलो की माझी झोप उडते. १९७० साली एखाद्याने तिला दोन ओळींचा निरोप धाडून एखाद्या आवाजाबद्दल विचारलं असतं तर काय झालं असतं? कदाचित काहीच नाही. पण मला विचारल्यावाचून राहवत नाही.

आता माझं आणि तुमचं भांडण. सहाव्या गाण्यात, दुसऱ्या कडव्यानंतर, तीन मिनिटं चाळिसाव्या सेकंदाला ड्रम्स गाण्याच्या अंगावर येतात आणि शब्द त्यांच्याखाली दबतात, असं तुम्ही लिहिलंत. मला हे पटलेलं नाही. तिथे शब्द दबायलाच हवेत असं माझं मत आहे, कारण ज्या गर्दीबद्दल ती गातेय त्या गर्दीत बोललेलं ऐकू येतच नाही. ती या बाबतीत तुमच्या बाजूने आहे, म्हणजे घरात मी एकटा पडलोय. पण तुम्ही जागा दाखवलीत, सेकंदासकट. 'ध्वनिमुद्रणाची बाजू लंगडी वाटली' असं मोघम लिहिलं असतंत तर मी चार दिवस धुसफुसलो असतो आणि विसरलो असतो. आता मी त्या जागेवर बोट ठेवून तुमच्याशी वाद घालू शकतो. इतक्या सभ्यपणे कुणी मला चूक ठरवलेलं नव्हतं.

सभ्यपणाचं निघालंच आहे म्हणून लिहितो. या धंद्यात प्रतिभेचं फार कौतुक होतं, सभ्यपणाचं कुणी नावही काढत नाही. समोर मोजकीच माणसं बसलेली असताना संपूर्ण साउंडचेक करून देणारा साउंडवाला मी पाहिलाय. हॉल भरलेला असला काय आणि नसला काय, मंचावरच्या मॉनिटर स्पीकरमध्ये गाणाऱ्याला स्वतःचा आवाज नीट ऐकू यायला हवा, एवढंच त्याचं म्हणणं. पैसे ज्या दिवशी देतो म्हटलं त्याच दिवशी देणारा संयोजक मी पाहिलाय, असा प्राणी असतो. आपलं झाल्यावर बॅग उचलून न जाता पुढच्या नवख्या मुलीचं गाणं पुढच्या रांगेत बसून ऐकणारा नावाजलेला गायक पाहिलाय, आणि त्या मुलीचा थरथरता हात दुसऱ्या गाण्याला स्थिरावलेलाही पाहिलाय. नकार कळवायचाही सभ्यपणा असतो. एकीने आम्हाला लिहिलं होतं की तुमची गाणी ऐकली, माझ्या जातकुळीची नाहीत, मी यांवर चांगलं लिहू शकणार नाही. त्या बाईंचाही मी आजन्म ऋणी आहे. उत्तरच न देणाऱ्यांच्या आणि 'बघतो हं' म्हणणाऱ्यांच्या मांदियाळीत तो नकार मला सन्मानासारखा वाटला होता.

तुम्ही या लोकांच्या पंगतीतले. तुम्हाला हे ऐकून अवघडल्यासारखं होईल, होऊ दे. विकत घेता येईल अशी स्तुती आसपास ढिगाने पडलेली असताना तुम्ही आमचा अल्बम शेवटापर्यंत ऐकलात, शंका आली तिथे विचारलंत, आणि उत्तर मिळाल्यावर त्यातलं काय सांगायचं नाही हेही ठरवलंत. आम्ही तुमचे कुणीही नव्हतो. उद्याही तुम्ही आमच्या कुठल्या कामाचे आहात म्हणून हे लिहीत नाहीये, हे मात्र तिच्या समाधानासाठी नमूद करून ठेवतो, कारण हे पत्र ती वाचणारच आहे.

नव्या गाण्यांचं काम सुरू झालंय. तीन पूर्ण आहेत, एकाचा शेवट अडलाय, म्हणजे सगळं ठीक चाललंय. गाद्या पुन्हा भिंतींना लागल्यात. अल्बम तुम्हाला आधी पाठवायचा नाही असा तिचा सक्त हुकूम आहे. सगळ्यांना मिळेल त्याच दिवशी तुम्हालाही मिळेल. गाणी पडली असतील तर पडली म्हणून लिहा. ड्रम्सबद्दल काही म्हणायचं असेल तर मागच्यासारखी मिनिटं-सेकंद द्या, मला भांडायला बरं पडतं.

आपला,
बेसवाला